धोंडाबाईचं कलम

विहीणबाईंच्या पत्राला मी कित्येक दिवस उत्तर दिलं नाही, पण ते आळसानं नव्हे. उत्तराची मी इतकी कसून तयारी करत होतो, की उत्तर द्यायला सवडच मिळाली नाही!

पत्र गणपतीच्या आधी आलं. निळं आंतरदेशीय. हल्ली पत्र कोण पाठवतं, असं तुम्ही म्हणाल. मला पाठवतात. मी फोन उचलत नाही, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. फोन वाजला की तो थांबेपर्यंत मी श्वास रोखून बसतो, दाराबाहेर बिबट्या आल्यासारखा! म्हणून सोमाटण्याच्या लीलाबाईंनी, म्हणजे माझ्या सुनेच्या आईनं, कागदावर लिहिलं. अक्षर गोलगोल, मजकूर सरळ.

"आबांना नमस्कार. संदीपराव गेल्याला चार वर्षं होतील. संगीता तुमच्याजवळ लेकीसारखी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिचं वय अजून लहान आहे. कान्हे गावचं एक स्थळ आलं आहे. आदिनाथ नाव, रेल्वेत आहे, पहिली बायको वारली, माणूस निर्व्यसनी. संगीताला विचारलं तर म्हणते, आबांना विचार. तुम्ही हो म्हणालात तर पुढं जाऊ. उत्तराची वाट बघते."

आता 'हो' म्हणायला काय लागतं? एक अक्षर! पण मी पडलो पुस्तकातला माणूस. मला एक अक्षर कधी सुचलंच नाही. 'पत्र मिळालं, आनंद झाला' असं लिहिलं आणि थांबलो. झाला होता का आनंद? नव्हता. खोडलं. 'पत्र मिळालं, वाईट वाटलं' असं लिहिलं. ते तर सुनेच्या आईला लिहिण्यासारखंच नव्हतं. खोडलं. शेवटी 'पत्र मिळालं' एवढंच खरं उरलं, आणि एवढं लिहून कुणी पत्र पाठवत नाही.

मी लोणावळ्याच्या एका वाचनालयात जन्म काढला. आमच्या गावात, औंढ्यात, मला सगळे मास्तर म्हणतात. मी एक दिवसही मास्तर नव्हतो, पण लोकांना दुरुस्त करायचं धैर्य झालं नाही आणि आता फार उशीर झाला. घर छोटं आहे, पण माझ्या पगारातून बांधलेलं. त्यात आम्ही दोघं. मी आणि संगीता.

संदीप माझा एकुलता. तळेगावच्या कंपनीत होता. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या गेला. शेजारच्याला वाटलं, दमून झोपलाय. त्या भल्या माणसानं आपली बॅग त्याच्या मानेखाली सारली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही.

संगीता एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला असते. दिवसभर हसून 'गुड मॉर्निंग सर, वेलकम सर' करते. घरी येईस्तोवर तिचं हसणं संपलेलं असतं आणि माझं बोलणं मुळातच सुरू झालेलं नसतं. त्यामुळे आमचं छान चालतं. "आबा, जेवलात?" "हो." "गोळी?" "घेतली." "दार लावू?" "लाव." एवढ्यावर आम्ही चार वर्षं काढली. पण हे 'दार लावू?' ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही, हे मी विहीणबाईंना कसं लिहिणार?

आणि मग मला ती युक्ती सुचली! अभिमानानं सांगतो, अशी युक्ती आमच्या पंचक्रोशीत कुणाला सुचली नसती!

आधी मृत्युपत्र करायचं. घर संगीताच्या नावे लिहायचं. आमच्याकडे विधवेनं दुसरं लग्न केलं की 'तिचा हक्क गेला' असं म्हणायला भाऊबंद टपलेलेच असतात. लोणावळ्यातले वकीलही म्हणाले, "कागद करून ठेवा, आजोबा. साध्या कागदावर चालतो. तुमची सही आणि दोन साक्षीदार. उद्या वाद नको." म्हणजे बघा, आधी घर तिच्या हातात, मग विहीणबाईंना ऐटीत उत्तर. पोरगी कान्ह्याला जाईल ती मान वर करून जाईल!

साक्षीदारांच्या निवडीत तर मी कमाल केली. माझा पुतण्या गोरख जमिनींची एजंटगिरी करतो. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी गाडी. घरावर उद्या कुणी वाद घालेल तर तोच! मग त्यालाच साक्षीदार केला तर? स्वतःच सही केलेल्या कागदावर भांडेल कसा? दुसरे साक्षीदार माझे चुलतभाऊ दत्तोबा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, कानानं अधू, पण गावात त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की दोन कप चहा प्यालो!

राहता राहिला मजकूर. इथं माझ्यातला वाचक जागा झाला.

माझ्या आजोबांचं मृत्युपत्र माझ्या ट्रंकेत आहे. काय मराठी, महाराज! 'लिहून ठेवितो ऐसा जे, आम्ही आपले राजीखुषीने व अक्कलहुशारीने, देहाचा भरवसा नाही हे जाणोन...' अशी वाक्यं आता लिहिली जात नाहीत. घाटातल्या जुन्या रस्त्यासारखी वळत वळत जातात आणि नेमक्या ठिकाणी पोचतात. लहानपणापासून मी तो कागद गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचत आलो. ठरवलं, माझंही मृत्युपत्र याच घडणीचं! रोज संध्याकाळी शाईच्या पेनानं थोडं थोडं उतरवलं. त्यांचं नाव होतं तिथं माझं, गट नंबर होता तिथं घराचा नंबर, आणि सुनेचं नाव होतं तिथं संगीताचं. अक्षर असं वळणदार आलं की दुसऱ्या दिवशी मीच ते पुन्हा पुन्हा पाहत होतो. पाहत होतो म्हणतोय, हे लक्षात घ्या. वाचत नव्हतो.

रविवार ठरवला. वाटलं, गोरख येईल, दत्तोबा येतील, ओटीवर बसतील, सही करतील, जातील. पाच मिनिटांचं काम!

गोरख आला तो दोन सोबत्यांना घेऊन. त्यांच्याही गाड्या पांढऱ्या. "आबा, ह्ये आपलेच. मास्तर कागद करत्यात म्हणल्यावर म्हणले आमीबी येतो."

"अरे, मी विकत नाहीये घर!"

"तसं कोण म्हणतंय? पर रस्ता टच हाय ना? मग बघितलेलं बरं." एक सोबती तोवर पावलं टाकत अंगण मोजायलाही लागला.

दत्तोबा आले ते मुक्तावहिनींना घेऊन. वहिनी आल्या म्हणून शेजारणी आल्या. मास्तरांच्या घरी गर्दी दिसली म्हणून रस्त्यावरचे आले. मला चार माणसांसमोर घसा खाकरता येत नाही, आणि अंगणात तर अख्खी आळी! मी कागद गोरखपुढं सरकवला. "इथं सही कर."

"थांबा की मास्तर!" दत्तोबा काठी आपटून म्हणाले. "न वाचता सही? कशावर करतोय त्ये कळाय नगो?"

"तसं काही नाही त्यात. घर संगीताला."

"आँ?"

"घर संगीताला!"

"काय म्हणतोय ह्यो? वाचा म्हणावं. मोठ्यानं!"

मी वाचायला सुरुवात केली. माझा आवाज माझ्या मिशीपर्यंत पोचून परत आला. गोरखला दया आली. "आबा, द्या हिकडं. आमी हाय ना!"

तुम्हाला सांगायला हवं, गोरख आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतींची कॉमेंट्री करतो. त्याचा आवाज ऐकून बैल दुप्पट पळतात म्हणे! त्यानं दोन वाक्यं वाचली. दत्तोबा म्हणाले, "न्हाई आलं ऐकू." तसा गोरख उठला आणि गाडीतून स्पीकर घेऊन आला. चाकांचा. सोबत माईक. "हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. आता आबांचं मृत्युपत्र!"

मी म्हणालो, "गोरख, नको रे." पण स्पीकरपुढं माझं कोण ऐकणार!

सुरुवात सुरेख झाली. 'राजीखुषीने व अक्कलहुशारीने'ला बायकांनी माना डोलावल्या. गोरखही रंगात आला, शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैलांच्या धावपट्टीपाशी, उभा असल्यासारखा. संगीता तेव्हा चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. रिसॉर्टची सवय, एवढी माणसं पाहून तिच्या चेहऱ्यावर आपोआप हसू आलं होतं.

"आणि आता येतीये, येतीये, येतीये... आमची विधवा सून संगीता!" गोरख गरजला. "हिने घराण्याचा लौकिक राखोन, दुसरा घरोबा न करिता, याच उंबऱ्याआत दिवस कंठल्यास, तिला सदर घर हयातीपर्यंत मिळावे! तसे न केल्यास, तिचा या घराशी व आमच्या नावाशी कोणताही संबंध राहू नये!"

स्पीकर उत्तम होता. पलीकडच्या डोंगरानं 'राहू नये' परत पाठवलं.

मी गोरखकडे पाहिलं. वाटलं, हा काहीतरी जोडून वाचतोय. कागद हिसकावला. माझंच अक्षर. वळणदार. 'दिवस कंठल्यास'मधल्या 'ठ'ला तर मी खास गोलाई दिली होती.

संगीतानं ट्रे ओटीवर ठेवला. एकही कप हिंदकळला नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. ते काढायचं तिला सुचलं नसावं. ती आत गेली.

"आबा," गोरख माईक बंद करायचं विसरून म्हणाला, "ह्ये जरा लय टाईट झालं न्हाई का?" तेही डोंगरानं ऐकलं.

"मी... ते तसं नाही... ती भाषा आजोबांची आहे," मी म्हणालो.

हे मात्र दत्तोबांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

"आज्याचं? म्हंजी धोंडाकाकूचं कलम!" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू आपण कुणाशेजारी बसलोय याचा त्यांना नुकताच पत्ता लागला होता. "आरं मास्तर, तुला कुणी सांगितलं न्हाई? काकूचा नवरा गेला तवा काकू विशीतली. तिला पाट लावून, दुसरं लगीन करून न्यायला तळेगावकडचा माणूस आलता. आज्याच्या जुन्या घरी ओटीवर बसलावता. आज्यानं त्याला ह्यो कागद वाचून दावला. उठून गेला त्यो, पाणीबी न घेता. मंग काकूनं दिवस कंठले की! जन्मभर कंठले!"

मुक्तावहिनी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आन भाकरी कुणाला खायला घालायची रं ती? तुलाच ना?"

मलाच. आमची आई शेतात असायची. शाळेतून आलो की धोंडाकाकू मला चुलीपुढं बसवायची, भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तेल-मीठ घालून द्यायची आणि म्हणायची, "वाच काय वाचतोस त्ये. मोठ्यानं वाच, मला ऐकू दे." मी तो कागद तिला वाचून दाखवला असेल का? आठवत नाही. दाखवला असेल, ही भीती मात्र आता बसली आहे. इतकी वर्षं ते वाक्य मला पाठ होतं आणि काकूही मला पाठ होती. पण ती दोन्ही मी कधी एकत्र ठेवून पाहिली नव्हती.

लोक गेले. चहा कुणी घेतला नाही, गोरखच्या एका सोबत्यानं सोडून. गोरखनं जाताना सहीही केली नाही. "आबा, मला घर नगं. पर असल्या कागदावं मी न्हाई सही करणार. भांडाण लागलं तर सरळ भांडू आपण." माझी केवढी ती युक्ती!

संध्याकाळपर्यंत बातमी सोमाटण्याला पोचली. पोचणारच, स्पीकरवर सांगितली होती! संगीताचा फोन वाजला. ती परसात जाऊन बोलली. परत आली आणि कणीक मळायला बसली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आत जायचा धीर होईना, आणि परत फिरायचाही.

"आईचा होता," ती मान वर न करता म्हणाली. "कान्ह्याची माणसं म्हणतायत, सासऱ्याचाच विरोध असेल तर आम्हाला भानगड नको. दुसरीकडे बघतो."

"तुला... ते पत्र आलेलं माहीत होतं?"

"आईनं लिहायच्या आधी मला विचारलं होतं, आबा. तेव्हापासून वाट बघतेय मी. रोज वाटायचं, आज बोलाल. 'जेवलात?' म्हणून विचारायचे ना, त्यात तेच विचारत होते." तिनं कणकेचा गोळा उलटा केला. "नको होतं तर तोंडानं नाही म्हणायचं. मी ऐकलं असतं. गाव कशाला गोळा केलंत?"

मला सांगायचं होतं की ते चुकून झालं. पण खरंच चुकून झालं होतं का? सगळी नावं बदलताना माझ्या हाताला एकदाही अडखळावंसं वाटलं नाही, ते भाषेच्या प्रेमापोटी, की ते वाक्य मला मनातून हवंच होतं? तुम्ही म्हणाल, स्वतःच्या मनातलं माणसाला कळत नाही होय? मला नाही कळत. आजही नाही.

मी आत गेलो. कागद पोळपाटाशेजारी ठेवला, खिशातलं पेन त्यावर ठेवलं.

"काय करू याचं?" तिनं विचारलं.

"जे नको ते खोड."

"तुमचा कागद आहे."

"घर तुझं आहे. खोड."

तिनं हात धुतले, पुसले. मग ते कलम रेघ मारून काढलं. एकच रेघ, सरळ, डावीकडून उजवीकडे. मग कागदाच्या सुरुवातीला गेली. 'देहाचा भरवसा नाही हे जाणोन' खोडलं. "हे कशाला? गोळ्या वेळेवर घेतल्या तर आहे भरवसा." 'लौकिक' खोडलं, 'कुलदीपक' खोडलं, माझी सगळी सुंदर वळणं एकामागून एक गेली! मी आतून कळवळलो. शेवटी ती 'विधवा सून संगीता' पाशी आली. तिथं पेन बराच वेळ थांबलं. मग तिनं 'विधवा' तेवढं खोडलं. 'सून' राहू दिलं.

"लग्न केलं तर माणूस सून राहतं का हो, आबा? कायद्यात?"

"कायद्यातलं वकिलांना विचारावं लागेल," मी म्हणालो. "माझ्या कागदात राहतं."

ती हसली नाही. रडलीही नाही. म्हणाली, "तुमचं काय होणार इथं? दार कोण लावणार?"

"दाराला कडी आहे की!"

हे मी फार धीरानं म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत धीराचं वाक्य असावं ते, आणि त्यात एकही अलंकार नव्हता.

"आईला तुम्ही कळवा," ती म्हणाली. "मी सांगून नाही चालायचं. आबांच्या हातचं आलं तरच कान्ह्याची माणसं थांबतील, असं म्हणाली ती. तोंडी 'हो'वर आता कुणाचा विश्वास नाही."

दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं लोणावळ्याला गेलो. सकाळी निघणार होतो. पण आधी चष्मा सापडला नाही, मग तो सापडला तेव्हा छत्री सापडली नाही, आणि पाऊस नसताना छत्री कशाला हे ठरवण्यात जेवणाची वेळ झाली. माझ्या मनातलं कळत नाही म्हणालो ना, पायांना मात्र सगळं कळत होतं!

पोस्टातल्या मुलीला मी पोस्टकार्ड मागितलं.

"कार्ड? आजोबा, कार्ड सगळे वाचतात हं. पाकीट देऊ?"

"कार्डच द्या."

'नाही' गावभर स्पीकरवरून गेलं होतं. 'हो' पाकिटात कोंडून का पाठवायचं? पोस्टमननं वाचावं, सोमाटण्याच्या दुकानदारानं वाचावं, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं! तिथंच डिंकाच्या बाटलीशेजारी उभं राहून लिहिलं.

"विहीणबाईंना नमस्कार. कान्ह्याच्या स्थळाला माझी संमती आहे. उशीर झाला तो माझ्यामुळे, संगीतामुळे नाही. काल वाचला गेलेला कागद चुकीचा होता, तो दुरुस्त केला आहे. घर संगीताचं आहे आणि राहील. आदिनाथरावांना घेऊन रविवारी जेवायलाच या."

एकही खाडाखोड नाही. त्या मुलीनं उलटीकडून वाचलं असावं, कारण ती एकदम म्हणाली, "कोण, मुलगी का तुमची?"

मला पुन्हा दुरुस्त करायचं धैर्य झालं नाही. "हो," म्हणालो. पाहिलंत? जमलं एक अक्षर!

बाहेर येऊन कार्ड लाल पेटीत टाकलं. आत हात घालून ते खाली पडल्याची खात्री करून घेतली. मग पेटीवरची पाटी वाचली. शेवटची डाक चारला. मी घड्याळ बघितलं. चारची गाडी नुकतीच पेटी रिकामी करून गेली होती. म्हणजे कार्ड आता उद्या निघणार.

तुमच्यापासून काय लपवू? मला बरं वाटलं.